बाझलचा फासनाख्त : पहाटे चारला घराबाहेर पडायची तयारी ठेवा

बाझलचा फासनाख्त, म्हणजे तिथलं मुखवट्या-मिरवणुकांचं कार्निव्हल, बघायला जायचं ठरवलंत तर आधी तारीख तपासा. जर्मनीतल्या कोलोनचं कार्निव्हल राखेच्या बुधवारी आटोपतं आणि इस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा फासनाख्त मात्र त्या बुधवारानंतरच्या सोमवारी सुरू होतो, म्हणजे सगळे उपवासाला बसल्यावर. १०९१ साली बेनेव्हेन्तोच्या धर्मसभेने रविवार उपवासातून वगळले. मग उपवासाचे चाळीस दिवस भरायला सुरुवात अलीकडे आणावी लागली. बाझलने जुनाच हिशोब धरून ठेवला, तो आजतागायत. २०२७ मध्ये हे तीन दिवस १५ ते १७ फेब्रुवारीला येतात, २०२८ मध्ये ६ ते ८ मार्चला.

सगळ्यात मोठा क्षण अगदी सुरुवातीलाच, सोमवारी पहाटे चारला. त्याला मॉर्गेश्ट्राइख म्हणतात. चारचे टोले पडतात आणि जुन्या शहरातले रस्त्यांवरचे दिवे एकदम जातात. वीज कंपनीच ते बंद करते, दुकानंही काचेमागचे दिवे मालवतात. अंधारात आरोळी उठते, ‘मॉर्गेश्ट्राइख, फोरवेर्ट्स, मार्श!’ आणि शेकडो पिकोलो बासऱ्या आणि ताशे एकाच वेळी एकच चाल वाजवायला लागतात. प्रत्येक मंडळाची (तिथे त्याला क्लिक म्हणतात) पुढे दोन-अडीच पुरुष उंचीची रंगवलेली कापडी कंदील-भिंत, आतून उजळलेली, आणि वादकांच्या डोक्यावर छोटे कंदील. माझ्यासमोरून एक ताशेवाला गेला. मुखवट्यामुळे चेहरा दिसत नव्हता, नुसते हात दिसत होते. थंडीने लाल झालेली बोटं आणि काठ्या इतक्या सावकाश, इतक्या नेमक्या पडत होत्या की लष्करी शिस्त आठवावी. हे ढोलवादन मुळात स्विस सैनिकांकडून आलंय, ते लगेच कळतं.

आता खरा सल्ला. बहुतेक पाहुणे मार्क्टप्लात्झवर (बाजारचौकात) गर्दी करतात आणि पुढच्याच्या डोक्यामागून बघतात. तिथे उभे राहू नका. चार वाजता नाडेलबर्ग किंवा श्पालेनबर्गच्या चढावावर थांबा. पहिला अर्धा तास ओसरला की एखादी लहान क्लिक गाठा आणि तिच्या मागे, तिच्याच चालीने, गल्लीबोळांतून चालत राहा. हे चालतं, उलट रीतच आहे. दोन क्लिक अरुंद बोळात समोरासमोर आल्या तर दोघींच्या चाली एकमेकींत मिसळतात, कुणीही थांबत नाही. फोटोला फ्लॅश अजिबात नको. तुम्ही बघता आहात तो अंधार लोकांनी मुद्दाम केलेला आहे.

इतिहास मजेशीर आणि थोडा रक्तरंजित. १३५६ च्या भूकंपात शहर आणि जुनी दप्तरं गेली, त्यामुळे आधीचं फारसं हाती लागत नाही. १३७६ च्या फासनाख्तला हाब्सबुर्ग राजघराण्यातल्या लिओपोल्डचे सरदार गावात खेळांचे सामने भरवून बसले होते. चिडलेल्या नागरिकांनी त्यांच्यावर हल्ला केला, काही सरदार मारले गेले. शिक्षा म्हणून काही बाझलकरांची डोकी उडवली आणि शहराला पवित्र रोमन साम्राज्यातून बहिष्कृत केलं. १५२९ मध्ये शहर प्रोटेस्टंट झालं. कार्निव्हल तर कॅथलिकांची रीत, पण बाझलने तोही सोडला नाही. सरकारने बंदी घालावी आणि लोकांनी वाट काढावी, असं शतकानुशतकं चाललं. आजचे कंदीलही बंदीचेच अपत्य: १८४५ मध्ये डांबराच्या मशालींना मनाई झाली, म्हणून लोकांनी कंदील घेतले. २०२० मध्ये फासनाख्त अवघ्या काही दिवसांवर असताना कोरोनामुळे सरकारने तो रद्द केला. कंदील रंगवून तयार होते. युनेस्कोने याआधीच, २०१७ मध्ये, तो अमूर्त वारशाच्या यादीत घेतला होता.

दुपारच्या मिरवणुका सोमवारी आणि बुधवारी, दीडला. प्रत्येक क्लिकचा त्या वर्षीचा एक विषय असतो: एखादा मंत्री, बँक, रखडलेला पूल. आपल्या शिमग्याची सोंगं घ्या आणि त्यावर वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र चढवा, साधारण असं. या विषयावर वाटल्या जाणाऱ्या, स्थानिक बोलीतल्या लांबोळक्या पत्रकांवरचे शब्द मला निम्मे कळले नाहीत, चित्रं पुरतात. ‘वागिस’ नावाची मोठ्या नाकाच्या मुखवट्यांतली सोंगं गाड्यांवरून संत्री, फुलं, चॉकलेट वाटतात, आणि तुमच्या कॉलरमध्ये मूठभर कागदी तुकडेही कोंबतात. ब्लागेडे नावाचा बिल्ला आधी विकत घ्या. तांब्याचा सगळ्यात स्वस्त. तो छातीवर नसेल तर कागदाचा मारा जास्त. पैसे क्लिकांनाच जातात. आणखी एक: जमिनीवर पडलेले कागद उचलून परत फेकू नका. एकाच रंगाचे कागद ही इथली सभ्यता. रंग मिसळलेले दिसले की समजतं, कुणीतरी धूळ झाडून फेकलीय. बघ्यांनी वेष किंवा तोंड रंगवूनही जायचं नाही.

मंगळवार मुलांचा. संध्याकाळी पितळी वाद्यांचे गुग्गे बँड धुमाकूळ घालतात. कानांना त्रास होत असेल तर तेव्हा म्युन्स्टरप्लात्झवर (मुख्य चर्चच्या चौकात) जा, सोमवार संध्याकाळपासून सगळे कंदील तिथे प्रदर्शनात उभे असतात. मला ते मिरवणुकीपेक्षा जास्त आवडलं.

खाणं: पहाटेचं जेवण म्हणजे तपकिरी पिठाचं सूप आणि कांद्याची किंवा चीजची पाय (pie). शाकाहारींनी विचारूनच घ्या. सूपमध्ये बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं आणि कांद्याच्या पायमध्ये बेकन असू शकतं. रोख फ्रँक जवळ ठेवा.

मुक्काम महिनोन्महिने आधी ठरवा. हॉटेलात उतरलात तर बाझलकार्ड मिळतं, त्यावर शहरातली ट्रॅम-बस मोफत. पण तीन दिवस मध्यवर्ती भागात ट्रॅमचे मार्ग बदललेले असतात, चालायची तयारी ठेवा आणि तळ जाड असलेले बूट घाला. जागा मिळालीच नाही तर झुरिखला राहा. तासाभराचा रेल्वेप्रवास आहे आणि मॉर्गेश्ट्राइखसाठी रात्रीच्या खास गाड्या असतात. आणि त्या आठवड्यात जमलंच नाही, तरी पुढचे तीन रविवार शिल्लक आहेत. क्लिक सहलीला जातात आणि संध्याकाळी साध्या कपड्यांत, मुखवट्याशिवाय, फ्राये श्ट्रासे या रस्त्यावरून वाजवत परततात. आणि तेव्हा वाजवणाऱ्यांचे चेहरे दिसतात.