वर्षावासात ग्रंथ नुसता वाचून संपवू नका

जयभीम, नमो बुद्धाय. आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचं वाचन सुरू आहे, रात्री जेवणाआधी सगळे जमतात, त्रिसरण-पंचशील झालं की बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडायचा, आणि आश्विन पौर्णिमेला समाप्ती. मुळात वर्षावास भिक्खूंचा, पावसात फिरायचं नाही, एका जागी राहायचं, पण आपल्या वस्त्यांनी तो आपला करून घेतला आणि मला याचा खरंच अभिमान वाटतो. फक्त बऱ्याच ठिकाणी सगळा जोर ग्रंथ वेळेत संपवण्यावर असतो, तेवढं बदलायला पाहिजे.

परवा पहिल्याच खंडातला रोहिणी नदीच्या पाण्याचा भाग आला. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडून गेला हे बाबासाहेबांनी मान्यच केलं नाही, २९ वर्षांच्या माणसाला तोवर यातलं काही दिसलंच नसेल का हा त्यांचा सरळ प्रश्न. त्यांनी दिलेलं कारण वेगळं: सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलीय नदीच्या पाण्यावरून भांडतात, सेनापती शाक्यांच्या संघात, म्हणजे त्यांच्या सभेत, युद्धाचा ठराव आणतो, सिद्धार्थ विरोध करतो, मतदानात हरतो, तरी लढायला नाही म्हणतो. मग धमकी येते की तुझ्या घरच्यांवर सामाजिक बहिष्कार घालू, जमिनी जप्त करू. वाचणाऱ्या मावशी इथं थांबल्याच. "म्हंजे वाळीत टाकणार व्हय," म्हणाल्या. मग मागं बसलेल्या आजींनी गावाकडच्या विहिरीचं काढलं, कोण पाणी वरून ओतायचं, कोण तेवढंही नाही, आणि पोरं जी एरवी मोबाईलमध्ये असतात ती पुढं सरकून ऐकत होती. त्या रात्री जेमतेम दीड पान झालं आणि माझ्या मते ते या वर्षातलं सगळ्यात चांगलं वाचन.

दुसऱ्या दिवशी मी सुत्तनिपात या पाली ग्रंथातलं अत्तदण्ड सुत्त, म्हणजे बुद्धांचा उपदेश, घेऊन गेलो. १९१२ पासून फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणारे धर्मानंद कोसंबी, आपल्या गोव्यातले, त्यांनी गृहत्यागाचं कारण सांगताना याच सुत्ताकडे बोट दाखवलंय. त्यात बुद्ध स्वतः सांगतात, 'फन्दमानं पजं दिस्वा, मच्छे अप्पोदके यथा', थोड्या पाण्यातले मासे तडफडावेत तशी माणसं तडफडताना बघून मला भीती वाटली. मावशींनी ती ओळ वहीत उतरवून घेतली, शुद्धलेखन दोनदा विचारून.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीबरोबर पालीलाही अभिजात दर्जा मिळाला, चांगलंच झालं, पण आपण रोज वंदना पालीत म्हणतो आणि अर्थ विचारला की निम्मे गप्प बसतात. तिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचा मूळ पाली संग्रह, देवनागरीत फोनवर फुकट आहे, इगतपुरीच्या विपश्यनावाल्यांनी केलेलं, विद्यापीठाची वाट बघायची गरज नाही. आम्ही या रविवारपासून वाचनानंतर अर्धा तास पाली घेतोय, सुरुवात याच सुत्तापासून, आणि वर्ग संपूर्ण वर्षभर चालवायचा विचार आहे, तुमच्या विहारात असं कुणी करत असेल तर कसं बसवलंत ते नक्की कळवा.