अर्ध्या लिटरचा हिशोब

मोटारीच्या इंजिनात सिलिंडर, म्हणजे इंधन जळून पिस्टन ढकलला जातो त्या नळ्या, किती, हा आकडा बराच काळ मालकाच्या ऐपतीचा आकडा समजला गेला. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले तिला एकच सिलिंडर होता, १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीला चार होते, आणि १९३० मध्ये, महामंदी सुरू झालेली असताना, कॅडिलॅकने थेट सोळा सिलिंडरांची गाडी विक्रीला आणली. आता ओघ उलटा आहे. आठांच्या जागी सहा, सहांच्या जागी चार आणि चारांच्या जागी तीन सिलिंडर येत आहेत. कार्बन उत्सर्जनाचे कडक नियम आणि बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बोचार्जर (टर्बो) ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे खरीच आहेत. पण माझ्या मते सिलिंडरांच्या संख्येपेक्षा एकेका सिलिंडरचे आकारमान पाहिले, तर चित्र अधिक स्पष्ट होते.

सिलिंडर फार लहान केला, तर आतील जागेच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ वाढते आणि ज्वलनाची उष्णता कामी येण्याआधीच भिंतींतून निघून जाते. फार मोठा केला, तर ज्योतीला टोकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि उरलेले मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोके देऊ लागते. या दोहोंमधला सोयीचा मध्य सुमारे अर्ध्या लिटरच्या आसपास सापडतो. म्हणूनच बीएमडब्ल्यूने दीड लिटरला तीन, दोन लिटरला चार आणि तीन लिटरला सहा सिलिंडर असे एकाच कुटुंबातले इंजिन घडवले. लहान इंजिनाला टर्बोने पुरेशी ताकद मिळू लागली, तेव्हा सिलिंडर आपोआपच कमी झाले.

तीन सिलिंडरांना टर्बो मानवतो, याचेही कारण आहे: ज्वलने क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दर २४० अंशांनी होतात, त्यामुळे एकाचा धूर बाहेर पडताना दुसऱ्याच्या झोताला फारसा अडथळा करत नाही. मात्र टोकांचे पिस्टन इंजिनाला पुढे-मागे झुलवतात, आणि ती थरथर शमवण्यासाठी संतुलन-दांडा किंवा क्रँकशाफ्टच्या टोकांवर मुद्दाम असमतोल ठेवलेली चाके लागतात.

एका ओळीतील सहा सिलिंडरांना मात्र ही खटपट करावी लागत नाही, कारण त्यांचे झटके एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे नाहीसे करतात. (या इंजिनाबद्दल मी तटस्थ नाही, हे कबूल करून टाकतो.) मर्सिडीझने ते सोडून वीस वर्षे व्ही-६ (व्ही आकारात दोन ओळींत बसवलेले सहा सिलिंडर) वापरले आणि २०१७ मध्ये पुन्हा सरळ सहाकडे वळली. ४८ व्होल्टच्या विद्युतप्रणालीमुळे इतर यंत्रे फिरवणारे इंजिनापुढचे पट्टे नाहीसे होऊन इंजिनाची लांबी घटली. शिवाय व्ही रचनेला दोन सिलिंडर हेड (सिलिंडरांवरची झाकणे) लागतात, तर सरळ सहाचे एकानेच भागते.

याच कंपनीच्या सी-६३ या वेगवान गाडीमध्ये चार लिटरच्या व्ही-८ ची जागा दोन लिटरच्या चार सिलिंडरांनी आणि विद्युत मोटारीने घेतली. एकत्रित शक्ती वाढली, तरी चाहत्यांना जुना आवाज विसरता आला नाही. बुगाटीने तर २०२४ मध्ये टूर्बियाँ या नव्या गाडीसाठी टर्बोच काढून टाकला आणि पुन्हा सोळा सिलिंडर जोडले. त्या ८.३ लिटरच्या इंजिनातही एकेका सिलिंडरच्या वाट्याला येतात ते सुमारे ५२० घन सेंटिमीटरच.