भिंत पावसाने काळी झाली, पैसे माझ्या डिपॉझिटमधून गेले

गोव्यातला पर्वरीचा फ्लॅट सोडला, चाव्या दिल्या, आणि पुढच्याच आठवड्यात काकांचा व्हॉट्सॲपवर हिशेब आला. (घरमालकांना आम्ही काकाच म्हणायचो, माणूस तसा वाईट नाही, चवथीला, म्हणजे गणपतीत, नेवऱ्या (करंज्या) पाठवायचे.) डिपॉझिट ४४,०००, त्यातून रंग १८,०००, डीप क्लिनिंग ३,५००, एसी २,५००, बाथरूमचा नळ ६००, लाइट बिल १,१४०. उरले १८,२६०. खाली हात जोडलेला इमोजी.

लाइट बिल आणि नळ, बरोबर आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही, बिल मी वापरलेल्या विजेचं आणि नळ माझ्याच काळात मोडला. हॉलमध्ये टीव्हीसाठी ड्रिल मारलं होतं ते भरून तेवढी भिंत रंगवायचा खर्चही मी देणार होतोच. पण अख्ख्या फ्लॅटचा रंग? का, तर बेडरूमची पश्चिमेकडची भिंत काळी पडलीय आणि कपाटामागे बुरशी आलीय.

आता गोव्यात राहणाऱ्याला हे काय समजावून सांगायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असा कोसळतो की चामड्याच्या चपलांवरही बुरशी येते, तिथे बाहेरून वॉटरप्रूफिंग न केलेली भिंत ओल धरणार नाही तर काय करणार. पहिल्याच पावसात मी काकांना फोटो पाठवले होते की बाहेरून पाणी मुरतंय, त्यावर उत्तर आलं "पावस गेल्यार बघुया", मग दिवाळी आली मग टुरिस्ट सीझन आला आणि पुढच्या पावसात तेच फोटो परत. काका स्वतः दरवर्षी चवथीच्या आधी आपल्या घराला रंग देतात. कशाला देतात? पावसाने भिंती खराब होतात म्हणूनच ना? तिथे कोण भाडेकरू राहतो?

मी डोकं शांत ठेवून जरा वाचलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चा, त्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूने जागा घेतली तशा स्थितीत परत द्यावी असं आहे, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळलीय. आमच्या अॅग्रीमेंटमध्ये फक्त "होतं तसं परत द्यायचं" एवढंच लिहिलेलं आणि काका तेवढ्यावरच बोट ठेवून दाखवत होते. अॅग्रीमेंट लीव्ह अँड लायसन्सचं (म्हणजे भाडेपट्टा नाही, नुसती राहायची परवानगी) असेल तर हे कलम जसंच्या तसं लागू होतं का यावर वकील वाद घालू शकतात, ते खरं, पण मग करार कायद्याचं १८७२ चं कलम ७४ आहे, त्यात करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी त्या आकड्याच्या आत जेवढी वाजवी भरपाई असेल तेवढीच मिळते. म्हणजे "सोडताना एक महिन्याचं भाडं पेंटिंगचं" अशी ओळ जी बऱ्याच अॅग्रीमेंटमध्ये सर्रास टाकतात, तीसुद्धा काही दगडावरची रेघ नाही.

आणि केंद्राचा २०२१ चा मॉडेल टेनन्सी अॅक्ट आहे त्यात तर कामाची वाटणीच दिलीय. वेगळं काही ठरलं नसेल तर भिंतींना सफेदी, दारं-खिडक्यांना रंग, स्ट्रक्चरची दुरुस्ती, पाइप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे, आणि नळ, स्विच, गीझर, सिंक, ड्रेनेज साफ करणं असलं किरकोळ भाडेकरूकडे. राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढं, आणि जागा ताब्यात घेतली त्या दिवशीच देणं वजा करून बाकी परत करायची. फक्त हा नमुना कायदा आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, म्हणून काकांना "कायदा आहे" म्हणून दम द्यायला तो चालत नाही. पण वाजवी काय हे दाखवायला चालतो, आणि मी तेवढ्यासाठीच वापरला.

पोलिसात जा म्हणून एका मित्राने सांगितलं, त्याचा उपयोग नसतो, ही दिवाणी बाब, ते तुम्हाला चहा पाजून परत पाठवतील. कोर्टात वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते पण पंचवीस हजारांसाठी म्हापसा कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार, हे मालकांनाही पक्कं माहीत असतं. सगळा खेळ तिथेच आहे.

म्हणून मी एक ईमेल लिहिला. फोनवर बोललो नाही, कारण फोनवर काका "अरे बाबा तू घरच्यासारखो" म्हणतात आणि मी विरघळतो. ईमेलला राहायला आलो त्या दिवशीचा व्हिडिओ जोडला ज्यात त्याच भिंतीवर आधीच पिवळा डाग दिसतोय, पावसातले दोन्ही वर्षांचे मेसेज जोडले, आणि रंगाऱ्याचं बिल मागितलं. अंदाज नको, बिल.

बिल काही आलं नाही. दरम्यान एका मैत्रिणीने लिंक पाठवली, आमचाच फ्लॅट, नवीन क्रीम कलर, वेताचे दिवे, दर रात्रीच्या हिशेबाने टुरिस्टना. म्हणजे रंग तसाही द्यायचाच होता! राग आला हे खरं, पण खरं सांगायचं तर काकांना मी पूर्ण दोष देत नाही, महिन्याच्या भाडेकरूपेक्षा सीझनमध्ये वीकेंडच जास्त देतो तर कोण सोडेल. फक्त त्या धंद्याचं भांडवल माझ्या डिपॉझिटमधून का.

तो स्क्रीनशॉट मी पाठवला, सोबत एकच ओळ, बिल मिळालं नाही तर वकिलाची नोटीस पाठवावी लागेल. दुसऱ्या दिवशी काकींचा फोन (काकांचा नाही!) आणि संध्याकाळी यूपीआयवर १५,००० जमा. म्हणजे रंगाचे १३,००० आणि क्लिनिंगचे २,०००. टीव्हीच्या भिंतीचे म्हणून ५,००० ठेवले, जास्तच आहेत, पण सोडून दिले.

एसीचे अडीच हजार अजून अडकलेत. गॅस भरला म्हणे. एसी त्यांचा, जुनाट, मी राहायला आलो तेव्हाच खडखडत होता. बिल शोधून पाठवतो म्हणालेत.