कासचं पठार, एफ २२ आणि वाया गेलेले तीनशे दहा फोटो

सरळच सांगतो. कासला फुलांचे फोटो काढायला निघाला असाल आणि कुणी तुम्हाला "एफ २२ ठेवा, सगळं शार्प येतं" असं सांगितलं, तर त्याला लांबूनच नमस्कार करा. (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्समधलं प्रकाशाचं भोक बारीक.) त्याच्याकडून भाड्याने तर काहीच घेऊ नका. मी घेतलं. १०० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, आणि "ही असल्याशिवाय जाऊच नका" म्हणून गळ्यात मारलेला, लेन्सभोवती बसणारा रिंग लाइट. ठरले होते दोन दिवस. बिल करताना नेला तो दिवस आणि परत आणला तो दिवसही धरून झाले चार. एकूण ४८०० रुपये. तेवढ्यात एक बऱ्यापैकी ट्रायपॉड आला असता. अर्थात तो तरी कासला कुठे उघडणार होतो म्हणा, ते पुढे येईलच.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा, वार मंगळवार. शनिवार-रविवारी जाऊ नका, त्या दिवशी फुलांपेक्षा माणसांचे फोटो जास्त येतात. प्रवेशाचं ऑनलाइन बुकिंग आधी करून ठेवा आणि सकाळची पहिली वेळ मिळाली तरच फोटोंचा विचार करा. सकाळी सहाला साताऱ्यातून निघालो. यवतेश्वरचा घाट चढून पठार जेमतेम पंचवीस किलोमीटर. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मेव्हण्याने गाडीत एसी लावला होता आणि मी काही बोललो नाही. पठारावर उतरून कॅमेरा बाहेर काढला तर लेन्सच्या काचेवर दव. पुसलं की परत. पंधरा-वीस मिनिटं धुकं नुसत्या डोळ्यांनी बघत बसलो. घाट लागला की एसी बंद करा, काचा खाली घ्या, कॅमेऱ्याची बॅग बंदच राहू द्या. काच बाहेरच्या हवेइतकी गरम झाली की दव धरत नाही.

आता मुख्य दुखणं. वाटेत एका ठिकाणी जांभ्याचा सपाट कातळ उघडा पडलाय. त्यावर बोटभरसुद्धा माती नाही, वरून पाणी पाझरतंय, आणि त्या ओलीत सीतेची आसवं नुसती दाटलेली. निळीजांभळी, नखाएवढी फुलं, मधोमध पांढरे ठिपके. मातीत खायला काही नाही म्हणून ही वनस्पती बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. लांबून बघाल तर कुणीतरी जांभळा रंग सांडून ठेवलाय असं वाटतं. मी तिथे गुडघ्यावर बसलो तो दोन तासांनी उठलो.

एफ २२ लावलं, फूल जवळून घेतलं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर फूल पुसट. म्हटलं फोकस चुकला. परत. पुसट. फोकसचा चौकोन बारीक केला, परत. रिंग लाइट लावला, तेव्हा पाकळीवरच्या प्रत्येक थेंबात एक पांढरी बांगडी उमटली. बांगड्यांचं दुकान! तो लाइट मी त्याच क्षणी बॅगेत टाकला आणि परत काढला नाही. वारा तर असा, की मेव्हणा आडोशाला छत्री धरून उभा राहिला ती पाचव्या मिनिटाला उलटी झाली.

हिशोब घरी आल्यावर कागदावर मांडला. तो आधी मांडला असता तर गुडघे वाचले असते. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतली फोटो टिपणारी चिप लहान. फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराच्या निम्मं घेतलं, तर एफ ८ ला खोलीत, म्हणजे पुढून मागे, जेमतेम दोन मिलिमीटर शार्प येतात. एफ २२ ला पाच. म्हणजे एवढा आटापिटा करून मिळाले तीन मिलिमीटर. आणि त्यासाठी मोजलं काय? एफ ८ वरून एफ २२ वर गेलं की प्रकाश आठपट कमी होतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनक्षमता) १६०० ला जिथे एक पाचशेचा, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा शटर मिळत होता, तिथे उरला एक साठचा. पठारावरच्या वाऱ्यात डोलणारं फूल एक साठला कधीच थांबत नाही. त्यात इतक्या जवळून घेताना एफ २२ प्रत्यक्षात एफ ३३ सारखं वागतं, त्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि जे फोकसमध्ये असतं तेही मऊ पडतं. म्हणजे माझा फोकस चुकलाच नव्हता. मी दोन तास ज्याची दुरुस्ती करत होतो ते मोडलेलंच नव्हतं.

एकूण ४१२ फोटो. त्यातले ३१० एफ २२ चे. त्या ३१० मधले ठेवले किती? चार. तेही मेव्हणा छत्रीसकट हसतोय म्हणून.

सुटका केली ती तिथे वाटेवर लक्ष ठेवणाऱ्या एका मावशींनी. आधी ओरडल्या, "अवो दादा, गुडघा उचला की, खाली दवबिंदू हाय!" खरंच होता. लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब घेऊन बसलेलं बोटभर झाड, माझ्या गुडघ्यापासून चार बोटांवर. मी ओशाळून वाटेवर सरकलो. मग त्यांनाच दया आली असावी. म्हणाल्या, "आता नऊ वाजलं, वारं वाढतच जानार. त्या धोंड्याच्या आडाला जावा, तितं फुलं हालत न्हाईत." त्या धोंड्याच्या आडाला पुढच्या पाऊण तासात मी जे काढलं, त्यावरच हा लेख उभा आहे.

पहिली गोष्ट, लांब व्हा. वाट सोडायची नाही हा नियमच आहे आणि तो योग्य आहे, कारण तुम्ही ज्यावर आडवे होता तेही फूलच असतं. त्यामुळे मॅक्रो लेन्स जिथे पोचायला हवी तिथे ती पोचतच नाही. माझ्याकडची जुनी ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स मी ओझं म्हणून गाडीत ठेवणार होतो, तीच कामाला आली. दीड मीटरवरून ३०० ला फूल पाव आकाराचं येतं, आणि एफ ८ लाच सहा मिलिमीटर खोली मिळते. एफ २२ ला जवळून मिळत होती त्याहून जास्त, आणि शटर एक पाचशेचा. नंतर फोटो कापून फूल तेवढंच मोठं केलं की एफ २२ वरची ही आघाडी जाते, तरी जवळून एफ ८ ला मिळत होती त्याहून खोली जास्तच राहते. म्हणून माझा निकाल असा: कासला मॅक्रो लेन्स नेऊच नका. (गुडघे अजून दुखतायत, त्यामुळे हा निकाल जरा कडक वाटेल. स्वतःची असेल तर न्या बापडे.)

दुसरी गोष्ट, खोली कमी आहे ना, मग फूलच तिच्यात बसवा. कवला बघा, ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात. पिवळं फूल, दोन लाल ठिपके. त्याचं तोंड सपाट आहे. कॅमेऱ्याची पाठ त्या तोंडाला समांतर धरली की दोन्ही कान आणि दोन्ही ठिपके एकाच पातळीत येतात आणि एफ ५.६ लाही शार्प दिसतात. तिरकं धरलं तर एक कान गेलाच. मी त्या धोंड्याआड एकाच कवल्याचे दोन फोटो घेतले, मधे फक्त मनगट थोडं वळवलं. पहिला कचरा, दुसरा सध्या माझ्या फोनच्या पडद्यावर आहे. तेरडा उलट खोडकर, त्याला मागे शेपटीसारखा काटा असतो. समोरून घेतलात तर शेपटी धूसर, म्हणून तो बाजूने घ्यायचा, म्हणजे शेपटी आणि पाकळी एका रेषेत येतात. गेंदाचं पांढरं बटण गोलच, ते कसंही धरलं तरी पूर्ण शार्प येणार नाही. तिथे तुमच्याकडचा पुढचा भाग शार्प ठेवायचा आणि पुढे चालायचं.

फोकस स्वतः कसा धरायचा? धुक्यात ऑटोफोकस आंधळ्यासारखा पुढेमागे चाचपडतो, कारण पकडायला त्याला कडाच दिसत नाहीत. मी तो बंद केला. अंतर हाताने लावून ठेवलं, मग लेन्सवरच्या फोकसच्या रिंगला हात न लावता अंगच दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे असं हळू डोलवत सहा-सहा फोटोंचा बर्स्ट मारला. सहातला एक बसतोच. आणि फूल वाऱ्यात हलतं तेव्हा झोक्यासारखं हलतं, टोकाला गेलं की परतण्याआधी क्षणभर थबकतं. बटण तिथे दाबायचं. मधोमध आलं की दाबायचं असं मी आधी करत होतो, आणि मधेच त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. शाळेत लंबक शिकलो होतो, उपयोग आत्ता झाला.

वेगवेगळ्या फोकसचे दहा फोटो काढून संगणकावर जोडायचं ज्यांच्या डोक्यात असेल, त्यांनी ते घरच्या कुंडीवर करावं. पठारावर दहा फोटोंत फूल दहा ठिकाणी असतं. ट्रायपॉडचंही तेच. अरुंद वाट, मागे माणसांची रांग, पाय पसरायला जागाच नाही.

रचनेबद्दल लोक फार बोलतात. माझं म्हणणं थोडं आहे. उभं राहून खाली बघत काढलेला फोटो म्हणजे सतरंजीचा फोटो. कॅमेरा फुलाच्या कमरेला आणा, वाटेच्या कडेला बसून हात खाली नेला आणि पडदा उघडून वर केला की झालं. मग मागे गवत येत नाही, लांबचा रंग येतो. एकच सोनकी निवडली, ती अशी धरली की मागे दहा फुटांवर आसवांचा जांभळा पट्टा येईल. पिवळ्यामागे जांभळं, आणि तो जांभळा इतका विरघळलेला की पाणी वाटावं. त्या एका फोटोसाठी मी सोनकीभोवती वाटेवरच अर्धगोल फिरलो, पाच पावलं फार तर. तेच ते फूल, पण तीन पावलांपर्यंत मागे कुणाचा तरी लाल रेनकोट होता. फूल बघू नका, फूल कुठे पळत नाही. बटण दाबण्याआधी फ्रेमच्या चारही कडांवरून नजर फिरवा. पांढरं आभाळ कोपऱ्यात घुसलंय का, गवताचं पातं फुलावरून आडवं गेलंय का. पातं आडवं आलं तर तोडू नका, स्वतः दोन बोटं सरका.

पूर्ण गालिचाच हवा असेल तर रुंद लेन्स, १६ मिलिमीटर, एफ ८, आणि फोकस दीड-पावणेदोन मीटरवर. म्हणजे पाऊण-एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. पायाजवळच्या फुलावर फोकस करू नका, मागचं धुकंसुद्धा फोकसबाहेर जातं आणि फोटो नुसता ओला वाटतो.

सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी हे दोन्ही रंग कॅमेऱ्याला फसवतात. पडद्यावर फोटो बरोबर दिसतो, पण लाल रंगाचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकलेला असतो. पाकळीवरच्या शिरा गेल्या, परत येत नाहीत. मी प्रकाश पाऊण स्टॉप कमी ठेवला (पूर्ण एक स्टॉप म्हणजे निम्मा), तेवढ्याने भागलं.

दुसऱ्या दिवशी ठोसेघर झालं. धबधबा आहे, छान आहे.

परत आल्यावर लेन्स द्यायला गेलो. दुकानदाराने रिंग लाइट उलटसुलट करून बघितला, काही ओरखडा सापडला नाही याचं त्याला वाईट वाटलं असावं. मग विचारलं, "कसे आले फोटो?" मी मुद्दाम एफ २२ चा एक दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "फोकस चुकलाय तुमचा. पुढच्या वेळी आमचा मोठा ट्रायपॉड घेऊन जा."