किपूच्या गाठी आणि माझं मायनर

माझं मेजर संख्याशास्त्र. त्याच्या जोडीला जागतिक संस्कृतींचं मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घेतलं ते, खरं सांगायचं तर, क्रेडिट सोपे मिळतील म्हणून. सहा विषय, एकाच विभागाचे दोनपेक्षा जास्त नाहीत, शेवटी एक प्रकल्प. कागदावर सुटसुटीत. प्रत्यक्षात मानववंशशास्त्राचा तास आणि माझं प्रॅक्टिकल हमखास एकाच वेळी. दोन सत्रं त्यातच गेली.

पहिला निबंध दक्षिण अमेरिकेतल्या ‘इंका संस्कृती’वर लिहिला. परत आला तेव्हा समासात दोनच शब्द होते : ‘कोणाची? कधीची?’ मी चिडलो. इतिहासाच्या बाईंना काळ हवा, कलेचे सर म्हणणार आधी वस्तू नीट बघ, आणि मानववंशशास्त्रात पहिला प्रश्न, हे तुला सांगितलं कोणी? इंकांबद्दल जे लेखी आहे ते १५३२ च्या स्पॅनिश स्वारीनंतरचं, हे मी एका ओळीतही लिहिलं नव्हतं.

प्रकल्पाला मग किपूच घेतला. एका आडव्या दोरीला लोंबणारे रंगीत दोरे, त्यांवर गाठी. इंका राज्याचे हिशेब यात असत. लेलंड लॉक यांनी १९१२ साली दाखवून दिलं की या गाठी दशमान पद्धतीच्या आहेत : सर्वांत मोठं स्थान मुख्य दोरीजवळ, एकक तळाशी. शून्याला गाठच नाही, नुसती मोकळी जागा. एककाची गाठ मात्र लांबट, जितके वेढे तितका आकडा. एका वेढ्याची लांबट गाठ होणार कशी? म्हणून एकाला वेगळीच, तिढ्याची गाठ. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. पुढे मार्शिया अ‍ॅशर या गणितज्ञ आणि त्यांचे पती, मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅशर, यांनी मिळून किपूंची दोरा-दोरा मोजून नोंद केली. आमच्या मायनरच्या जाहिरातीला हे जोडपं शोभलं असतं.

मीही एक बांधला. ३०७ साठी वर तीन साध्या गाठी, मग बोटभर रिकामा दोरा, खाली सात वेढे. ओढताना सहाच उरायचे. तीनदा सोडवून बांधली.

सादरीकरणात वर्गातल्या मुलीनं सगळे आकडे पाच मिनिटांत अचूक वाचले. मग म्हणाली, ‘पण तीनशे सात काय?’ रंगांचा अर्थ मी ठरवला होता, सांगितला नव्हता. खऱ्या किपूंचंही हेच आहे. काहींच्या गाठी तर या आकड्यांच्या नियमातही बसत नाहीत. त्यांत कहाण्या असाव्यात असं काही अभ्यासकांना वाटतं. मी आकडेमोडीवर बारा पानं लिहिली होती आणि यावर अर्धं. मार्क तिथेच कापले गेले, रास्तच होतं.

तो किपू अजून टेबलाच्या कडेला लोंबतोय. ३०७ चा दोरा लाल आहे. लाल म्हणजे काय ठरवलं होतं, ते आता मलाही आठवत नाही.