सहा नर आणि एक बोडी

मार्च महिना होता. सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर आमच्या एका खाकी बदकाच्या मानेमागची पिसं गेलेली, बोटभर कातडी उघडी आणि मधोमध सुकलेलं रक्त. पहिला संशय मुंगसावर. आमच्या साकोलीकडे कोंबडी-बदकांचं काहीही बिघडलं की आळ मुंगसावरच येतो. पण मुंगूस मान नुसती खरवडून सोडत नाही. आठवडाभरात दुसऱ्या खाकीचीही मान तशीच झाली आणि रोजची चार अंडी दोनावर आली.

घरामागे आमची सांदवाडी, तिला लागून बोडी. बाहेरच्यांसाठी सांगते, बोडी म्हणजे शेताजवळचं छोटं तळं, मामा तलावाची, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावाची, धाकटी बहीण म्हणा. बदकं पाळायची कल्पना या बोडीमुळेच आली. आधी सात खाकी कॅम्पबेल आणल्या, पाच माद्या आणि दोन नर. ही जात अंड्यांची, धानाच्या बांध्यांमध्ये फिरून गोगलगायी आणि किडे खाऊन पोट भरणारी. दिवाळीच्या बाजारात पांढऱ्या पेकिनची चार पिल्लं दिसली, मोह आवरला नाही. ती मोठी झाल्यावर कळलं, तीन नर आणि एकच मादी. फेब्रुवारीत अर्जुनी मोरगावकडच्या एका बंगाली वस्तीतून मस्कोव्ही बदकांची जोडी आणली. तिथल्या काकी त्यांना ‘चिना हाँस’ म्हणतात. मूळ मात्र दक्षिण अमेरिकेचं. चीनशी काही संबंध नाही. चीनची आहे ती पेकिन, आणि तिला कुणी चिना म्हणत नाही!

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ओट्यावरूनच निकाल दिला, “जात येगळी हाय, तं भांडनच ना जी. तीन जातीचे एका खुराड्यात कोंबले, काय होईन?” शेजारच्या बाईंनीही मान हलवली. जात म्हटलं की आपल्याकडे पुढचा विचार थांबतो, माझाही थांबला. पेकिन विकायच्या, असं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

विकण्याआधी एक सकाळ नुसती बसून काढली. बोडीत तेव्हा गुडघाभर पाणी उरलेलं. एक खाकी पाण्यात उतरली, मागोमाग पेकिनचा नर, त्याच्यामागे दुसरा, मग खाकीचाच एक. तिघंही तिच्यावर. पहिल्यानं चोचीनं मान धरली ती सोडेना, आणि चारेक किलोचं धूड दोन किलोच्या मादीवर. तिचं डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. मी साडी खोचून उतरले आणि काठीनं हाकललं. मानेमागच्या उघड्या जागेचं कोडं तिथं सुटलं. जखम चोच धरल्याची होती आणि धरणाऱ्यांत तिच्या जातीचाही होता.

मग नर मोजले. मादीचा ‘क्वॅक क्वॅक’ अर्ध्या गावाला ऐकू जातो, नराचा आवाज घसा बसल्यासारखा. शिवाय वयात आलेल्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं आकड्यासारखी वर वळलेली असतात. मस्कोव्हीत ही खूण नसते. त्याचा नर अंगानं मोठा, तोंडावर लाल गाठी, आणि ओरडत नाही, नुसता फुस्स करतो. हिशेब निघाला तेरा बदकांत सहा नर. हलक्या जातीत एका नरामागे पाच-सहा माद्या लागतात, जड जातीत चारेक. आमच्याकडे एकाला धड सव्वा मादी नव्हती.

चार नर त्याच दिवशी तिकडच्या कोपऱ्यात, बांबूच्या ताटीआड घातले. मला वाटलं, आता ते आपसात मरतील. दोन दिवस धक्काबुक्की झाली, तिसऱ्या दिवशी चौघं एकाच घमेल्यात चोची घालून बसलेले! मादी समोर नसली की नर नरांशी बरे राहतात. पुढे एका पेकिनला आणि एका खाकीला बाजार दाखवला. तिसऱ्याचं काय झालं ते मामाजींना विचारा, मी माहेरी होते. चौथा, म्हणजे मस्कोव्ही, ठेवला. पेकिनचा उरलेला एक नर आधी माद्यांतच होता, पण खाकींना तो जडच पडायचा, म्हणून तोही पुढे दिला. मस्कोव्हीची जोडी सोडली तर कळपात एकच खाकी नर राहिला, आणि त्याला सहा माद्या.

नर कमी झाले तरी भांडण पूर्ण मिटलं नाही. एप्रिलच्या शेवटी बोडी आटली, सगळ्यांना मिळून एक टब. बदकाला चारा खाताना पाणी लागतं, आणि नाक-डोळे धुवायला निदान डोकं बुडेल इतकं खोल लागतं. पेकिन टबात बसली की खाकी बाहेर टाचा उचलून उभ्या. मी तीन घमेली आणली आणि एक विहिरीजवळ, एक तणसाच्या ढिगामागे, एक फाटकाशी ठेवलं. मुद्दा एवढाच की एका घमेल्याजवळ उभ्या बदकाला दुसरं दिसू नये. शिजवलेली कनकी (तांदळाची चुरी) आणि कोंडाही एका ठिकाणी न घालता चार ठिकाणी. घमेली दिवसातून तीनदा धुवावी लागत होती, तेही लिहून ठेवते. ते काम कुणी सांगत नाही.

मस्कोव्हीचं प्रकरण वेगळंच. ही मुळात दुसरी प्रजाती. बाकीची खाली तणसावर झोपतात, ही उडून आडव्या बल्लीवर बसायची आणि खालच्यांवर विष्ठा. नखं मांजरासारखी. मस्कोव्हीचा नर पेकिनच्या मादीवर चढायचा. यांची पिल्लं होतात, पण खेचरासारखी वांझ. म्हणून मस्कोव्हीच्या जोडीला ताटी घालून वेगळा भाग दिला. ताटीतून एकमेकांना बघत दहाएक दिवस काढले. संध्याकाळी पेकिन मादी ताटीला टेकून अलीकडे, मस्कोव्ही मादी पलीकडे, अशा बसू लागल्या. मग दिवसा एकत्र सोडायला लागले, रात्री अजूनही वेगळे. पहिल्या दिवसांत थोडा पाठलाग होतोच, कोण थोर ते ठरायचं असतं. पाठलाग मी बघत बसते, रक्त दिसलं की उठते.

एक चूक कबूल करते. नवीन जोडी आणल्यावर दोन-तीन आठवडे लांब ठेवायला हवी होती, मी पहिल्याच संध्याकाळी आत सोडली. दवाखान्यातले डॉक्टर ऐकून चांगलेच रागावले. डक प्लेगची लस त्यांनीच दिली. नशीब म्हणून काही झालं नाही.

पावसाळ्यात रोवणी आटोपली, बोडी भरली, खाकींच्या मानेवर पिसांचे काळे अंकुर दिसू लागले, आणि अंडी पुन्हा चारावर. बदकं बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत घालतात, तोवर दार उघडत नाही.

खाकी अंड्यावर बसत नाही, मस्कोव्ही छान बसते. म्हणून श्रावणात तिच्या अंड्यांत खाकीची पाच अंडी मिसळली. अठ्ठाविसाव्या दिवशी खाकीची पिल्लं निघाली आणि ती त्यांना घेऊन उठली. तिच्या अंड्यांना पस्तीस दिवस लागतात, ती तशीच थंड पडली. फोडून पाहिलं तर आत जवळजवळ पूर्ण पिल्लं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता ती पुन्हा बसली आहे. या खेपेला तिची अंडी आधी, खाकीची बरोबर सात दिवसांनी. खुराड्याच्या भिंतीवर कोळशानं दोन्ही तारखा लिहून ठेवल्यात. पुढच्या मंगळवारी सगळी एकदम फुटायला हवीत. मामाजी रोज सकाळी तारखेकडे बघतात आणि काही न बोलता चहा मागतात.