प्लास्टरमधले सहा आठवडे आणि उशाशी पुस्तकं

गेल्या जुलैत बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याच्या, पायरीवर शेवाळावरून पाय सटकला आणि उजव्या घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तीस वर्षं वसई रोड ते चर्चगेट करणाऱ्या माणसाला अख्खा दिवस एकदम रिकामा मिळाला. चार दिवस मोबाइल पाहिला. पाचव्या दिवशी त्याचाही वीट आला आणि लेकीला म्हटलं, काहीतरी धार्मिक वाचीन म्हणतो, मागव.

"धार्मिक म्हणजे काय मागवू, पप्पा?"

मला सांगता येईना. रविवारची मिस्सा मी चुकवत नाही, ऑक्टोबरात घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते, 'सुवार्ता' मासिक चाळतो. पण स्वतःसाठी म्हणून एखादं आध्यात्मिक पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याचं आठवेना. शेवटी तिने ऑनलाइन सगळ्यांत जास्त तारे मिळालेली पाच इंग्रजी पुस्तकं मागवली. हॉटेलात वेटरला 'जे फेमस असेल ते आण' म्हणण्यातलाच हा प्रकार.

खोक्यातून निघाला क्रूसभक्त संत योहानाचा 'डार्क नाइट'. पाय मोडलाय, मन खचलंय, तेव्हा हे आपलंच, असं वाटलं. आपलं मुळीच नव्हतं. त्यात हे संत स्वतःच्याच कवितेचा ओळीओळीने अर्थ लावतात आणि ती 'रात्र' म्हणजे प्रार्थनेत बरंच पुढे गेलेल्या माणसाला देव ज्या कोरडेपणातून नेतो ती. मी अजून अंगणातही पोचलो नव्हतो. अकराव्या पानावर खूण घालून मिटलं.

मग टॉमस आ केम्पिसचं 'इमिटेशन ऑफ ख्राइस्ट'. चार भाग, 114 छोटी प्रकरणं, म्हणजे कुठूनही उघडावं असं. मी उघडलं तिथे लिहिलं होतं की माणसांत जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तेव्हा कमी माणूस होऊन परतलो. विरारच्या गाडीतून उतरल्यावर मलाही अगदी असंच वाटतं, म्हणून हसू आलं. पण पुढे दहा प्रकरणं तोच सूर: खोलीत थांब, कमी बोल, जगाची ओढ सोड. सहाशे वर्षांपूर्वी मठातल्या माणसाने मठातल्यांसाठी लिहिलेलं हे पुस्तक. मला बायको, मुलगी, आई आणि गृहकर्ज. वाचून झालं की आपण कुणीतरी फार वाईट आहोत एवढंच उरायचं.

संत ऑगस्टिनच्या 'कन्फेशन्स'मध्ये पेरूसारखं दिसणारं ते नासपतीचं फळ मजेखातर चोरल्याची गोष्ट येते, तिथवर रमलो. पुढे दमलो.

आणि आणखी एक होतं जगाच्या अंताच्या भाकितांचं. लेखकाचं नाव सांगत नाही. हे मात्र एका बैठकीत संपवलं! तीन दिवसांचा अंधार, कुठली मेणबत्ती पेटेल, कुठली नाही. त्या रात्री लाइट गेली तर मी दचकून उठून बसलो. आईने विचारलं, "काय रे, पाय दुखतो?" काय सांगणार!

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद, द्यायला फादर घरोघरी येतात, तसे आले. उशाशी पडलेला ढीग पाहून म्हणाले, "परवाच संत इग्नेशियसचा सण झाला. त्यांचाही पाय मोडला होता, ठाऊक आहे?"

तोफेच्या गोळ्याने मोडला होता हे मला माहीत होतं, पण पुढचं नव्हतं. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत जखमी होऊन ते लोयोलाच्या वाड्यात पडून होते. हाड वाकडं जुळलं म्हणून पुन्हा मोडून घेतलं, वर आलेला तुकडा करवतीने कापवला. वेळ जाईना म्हणून शूर सरदारांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा एवढंच होतं. तेच वाचू लागले. मधूनमधून एका उमराव बाईच्या स्वप्नातही तासन्‌तास रमायचे. दोन्हींत सुख वाटायचं. फरक नंतर कळला. ते स्वप्न ओसरलं की मन कोरडं पडायचं, आणि संतांच्या विचारांनंतर मात्र उशिरापर्यंत प्रसन्न राहायचं.

"वाचताना गोड लागलं की नाही हे बघू नका," फादर म्हणाले. "पुस्तक मिटल्यावर तासाभराने मागे काय उरलं ते लिहून ठेवा. आणि एका वेळी एकच."

लेकीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली. वाचायचं दोन-तीन पानं, मग गप्प पडून राहायचं, आणि तासाभराने एक ओळ. भाकितांच्या पुस्तकापुढे मी 'भीती' लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी ते रद्दीत दिलं. पुस्तक रद्दीत देताना हात आखडतो माझा, तेव्हा आखडला नाही.

पण एका पुस्तकाने वही गोंधळात टाकली. कॉलेजात असताना एका रिट्रीटमधून, म्हणजे प्रार्थना-शिबिरातून, आणलेलं फादर अँथनी डिमेलोंचं पुस्तक कपाटात होतं. हे आपल्या मुंबईचे येशूसंघी, म्हणजे संत इग्नेशियसच्याच संघाचे, 1987 मध्ये वारले. छोट्या गोष्टी, शेवटी एक चिमटा. वाचून मन हलकं व्हायचं, म्हणून वहीत तसं लिहिलं. फादरांनी ते पाहून सांगितलं की 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाबद्दल एक सूचना काढली होती. सुरुवातीचं लिखाण ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीतच आहे, पण पुढे पुढे त्यातला देव धूसर, निराकार होत जातो आणि येशू अनेक गुरूंपैकी एक उरतो, असा आक्षेप. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग तेच पुस्तक पुन्हा वाचलं आणि जाणवलं की हलकं वाटत होतं ते खरं, पण प्रार्थनेला बसावंसं एकदाही वाटलं नव्हतं. त्यांचं 1978 चं 'साधना' मात्र मी ठेवलंय. त्यात बसून करायचे सराव आहेत आणि ते करताना कुणाशी बोलतोय हे विसरायला होत नाही.

तेव्हापासून पुस्तकाचं पहिलं पान उलटून मागची बाजू बघायची सवय लागली. तिथे 'निहिल ऑब्स्टॅट' आणि 'इंप्रिमातुर' असतं, म्हणजे तपासणाऱ्याची हरकत नाही आणि छापायला बिशपांची परवानगी आहे. याचा अर्थ पुस्तक चांगलंच आहे असा नाही, बिशपांना त्यातलं सगळं पटलंय असाही नाही. श्रद्धेच्या विरुद्ध काही नाही, इतकंच. कंटाळवाण्या पुस्तकांनाही ते मिळतं!

खोक्यातलं उरलेलं एक म्हणजे संत तेरेजाचं आत्मचरित्र, लिझ्यूची ती चोविसाव्या वर्षी वारलेली कार्मेलाइट सिस्टर. शंभर पानं झाली तरी फुलं, बाहुल्या आणि 'माझे लाडके बाबा'. सोडणार होतो. फादर म्हणाले, कुठली आवृत्ती आहे? 1898 मध्ये निघालेलं पुस्तक तिच्या थोरल्या बहिणीने बरंच बदलून छापलं होतं. तिने वह्यांत लिहिलेला मूळ मजकूर बाहेर आला तो थेट 1956 मध्ये. माझ्याकडे जुन्याचंच स्वस्त पुनर्मुद्रण निघालं.

प्लास्टर निघालं सप्टेंबरात. मोत माउलीच्या जत्रेच्या आठवड्यात काठी टेकत वांद्र्याला गेलो, माउंट मेरीला मेणबत्ती लावली आणि उतरून पॉलाइन सिस्टरांच्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो. या वेळी काय मागायचं ते ठाऊक होतं. संसारी माणसासाठी लिहिलेलं हवं आणि जाडजूड नको.

दोन घेतली. एक ब्रदर लॉरेन्सचं, 'देवाच्या सान्निध्याचा सराव' अशा अर्थाच्या नावाचं. सतराव्या शतकातला हा लंगडा सैनिक पॅरिसच्या मठात आचारी झाला. स्वयंपाकाची मुळात नावड, तरी वर्षानुवर्षं भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलत राहिला. काही संभाषणं, काही पत्रं, बस. दोन फेऱ्यांत संपलं, दादर येईपर्यंत एक पत्र. दुसरं संत फ्रान्सिस द सेल्सचं, 1609 चं. त्यात पहिल्याच भागात सांगितलंय की बिशपाने मठवाशासारखं एकांतात राहू पाहिलं किंवा कारागीर दिवसभर देवळात बसला तर ती भक्ती हास्यास्पद ठरेल. चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने हे वाचलं आणि केम्पिसवरचा माझा रागच गेला. आणखी एक गोष्ट त्यात सापडली: बागेतून निघताना माणूस दोन-चार फुलं तोडून दिवसभर हुंगत राहतो, तसं चिंतनातलं एखादं वाक्य सोबत न्यावं. माझी वही दुसरं काय होती?

इंग्रजीत वाचलेलं मात्र प्रार्थनेपर्यंत यायला वेळ लागतो. बायबल म्हणून मी मराठीच धरलं. घरात होतं ते वडिलांनी घेतलेलं, 66 पुस्तकांचं प्रॉटेस्टंट बायबल. मिस्सेत जुन्या करारातल्या तोबीत या पुस्तकाचं वाचन झालं, घरी शोधलं तर तोबीत नाही! आपल्या कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं असतात. मग फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घेतलं. त्यांची मराठी सहज आहे, आणि टिपा वाचता वाचता मूळ वचन राहून जातं ही तक्रार माझी, त्यांची नव्हे.

आईला मात्र यातलं काहीच नको होतं. तिच्यासाठी फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ची प्रत एका शेजाऱ्याकडून आणली. 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापलेल्या ओव्या, हजारोंनी. शाळेत 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' पाठ केली होती, त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. रात्री जेवल्यावर मी वीस ओव्या वाचतो. निम्मे शब्द मला अडतात, तिला अडत नाहीत, म्हणजे निदान ती तसं दाखवत नाही. मध्येच थांबवून म्हणते, "तू फार भरभर वाचतोस, हे म्हणायचं असतं." परवा सकाळी विहिरीपाशी केळी धुताना ती आदल्या रात्रीचीच एक ओवी लग्नातल्या गाण्याच्या चालीवर म्हणत होती. मी वही शोधत होतो, तोवर तिची शेवटची ओळ होऊन गेली.